निकेलचं नाव, लोखंडाचं काम

सोन्याच्या पट्टीवर निकेल हायड्रॉक्साइडचा थर चढवायचा, डोळ्यांना जेमतेम कळेल इतका विरळ. ती पट्टी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवायची, व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं आणि किती प्रवाह वाहतो ते स्क्रीनवर बघत बसायचं. पहिल्या दिवशीचा आलेख अगदीच मरगळलेला असतो. १.४ व्होल्टच्या आसपास निकेलचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं, तिथे एक उंचवटा दिसतो. पारदर्शक थर काळपट तपकिरी होतो. मग बराच वेळ काहीच घडत नाही आणि कधीतरी उशिरा ऑक्सिजनचे बुडबुडे सुटायला लागतात. पट्टी तशीच द्रावणात ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग केला तर उंचवटा किंचित उजवीकडे सरकलेला असतो आणि बुडबुडे मात्र आधीपेक्षा लवकर सुरू होतात. आठवडाभराने तर ही तीच पट्टी का, असा प्रश्न पडावा इतका फरक असतो. ना नवीन धातू घातला, ना भट्टीत भाजलं, ना पृष्ठभागावर काही कलाकुसर केली. नुसतं भिजत ठेवलं.

प्रयोगशाळेत असं काही फुकटात पदरात पडलं की मनात पाल चुकचुकायला हवी. या प्रकरणात ती चुकचुकायला बरीच वर्षं लागली. पाण्याचं विजेने विघटन करणाऱ्या स्वस्त उत्प्रेरकांच्या इतिहासात मला हे प्रकरण सगळ्यात बोलकं वाटतं, म्हणून ते सविस्तर मांडतो.

आधी हिशोब

पाण्याच्या विघटनात एका ध्रुवावर हायड्रोजन निघतो आणि दुसऱ्यावर, म्हणजे धनाग्रावर, ऑक्सिजन. आपल्याला हवा असतो हायड्रोजन, पण डोकेदुखी ठरतो ऑक्सिजन. ऑक्सिजनचा एक रेणू बनताना चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात आणि मधल्या पायऱ्यांवर प्रक्रिया अडखळते. पुस्तकी हिशोबाने विघटनाला १.२३ व्होल्ट पुरेत, बाहेरून उष्णता द्यायची नसेल तर १.४८. प्रत्यक्षात कारखान्यातला क्षारीय इलेक्ट्रोलायझर १.८ ते २ व्होल्ट किंवा त्याहून जास्त खातो. या वरच्या व्होल्टेजला प्रयोगशाळेत सगळे ओव्हरपोटेन्शियल म्हणतात, आणि उत्प्रेरकाचं सगळं काम तेवढंच कमी करण्याचं असतं.

ते कमी होण्याची किंमत किती? एक किलो हायड्रोजनसाठी दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. म्हणजे १.४८ व्होल्टला साधारण ३९.४ युनिट, १.८ ला जवळजवळ ४८. धनाग्रावर ०.१ व्होल्ट वाचवला तर किलोमागे २.६६ युनिट वाचली. युनिटला पाच रुपये धरा, किलोमागे तेरा रुपये झाले. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. तेवढ्या हायड्रोजनवर तो एक दशांश व्होल्ट म्हणजे वर्षाला सुमारे १,३३० कोटी युनिट. ‘स्वस्त उत्प्रेरक’ म्हटलं की लोक धातूचा बाजारभाव बघतात. भाव बघावाच, पण खरा खर्च मीटरवर चढत असतो.

धातूच्या भावाचा मुद्दा आम्लधर्मी पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये येतो. तिथे धनाग्राला इरिडियम लागतं, आणि जगभरच्या खाणींतून ते वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं, त्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून. क्षारीय द्रावणात मात्र निकेल टिकतं, म्हणून शंभराहून अधिक वर्षं तिथे निकेलचीच सद्दी आहे. आपल्याकडेही हे नवीन नाही. पंजाबात नंगलला १९६० च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढत आणि त्यापासून खत बनवत. म्हणजे निकेल धनाग्रावर चांगलं काम करतं हे जुनंच ज्ञान. प्रश्न होता, ते भिजत ठेवल्यावर आणखी चांगलं का होतं?

रुजलेलं उत्तर

याचं उत्तर बॅटरीवाल्यांकडून आलं होतं. निकेल हायड्रॉक्साइडची अनेक रूपं आहेत, आणि चार्ज-डिस्चार्ज होताना ती एकमेकांत कशी बदलतात याचा नकाशा बोडे यांनी १९६६ मध्ये मांडला. ताजा थर विस्कळीत असतो, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी भरलेलं असतं. क्षारात, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या द्रावणात, मुरला की पाणी बाहेर पडतं आणि पापुद्रे घट्ट, शिस्तीत बसतात. त्या शिस्तीतल्या रूपाचं ऑक्सिडीकरण झालं की जे तयार होतं त्याला बीटा म्हणतात, विस्कळीतातून तयार होतं ते गॅमा. मुरवल्यावर थर बीटा होतो आणि मुरवल्यावरच ऑक्सिजन सोपा निघतो. तेव्हा बीटा रूपच चांगला उत्प्रेरक, असं गणित जुळलं.

गणित चुकीचं वाटत नव्हतं, हीच त्यातली अडचण. दोन गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या. पापुद्र्यांची मांडणी बदलत होती आणि ऑक्सिजन निघणं सुधारत होतं. म्हणून पहिलीला कारण आणि दुसरीला परिणाम मानलं गेलं. तिसरंही काही त्याच वेळी बदलत असेल, हे तपासायची गरज फारशी कुणाला भासली नाही.

फारशी म्हणतो, कारण एकाला ती भासली होती. अमेरिकेत मिशिगनमधल्या जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत डेनिस कॉरिगन काम करत होते. त्यांनी १९८७ मध्ये एक शोधनिबंध छापला, आणि निष्कर्ष शीर्षकातच होता: निकेल ऑक्साइडच्या पातळ थरांवर ऑक्सिजन निघण्याच्या क्रियेला लोखंडाची अशुद्धी उत्प्रेरित करते. लोखंड थरात असो वा द्रावणात, परिणाम दिसतो. ०.०१ टक्का लोखंडही जाणवतं. आणि मुद्दाम दहा टक्क्यांहून जास्त घातलं तर इलेक्ट्रोलायझरला उपयोगी पडेल असं काहीतरी मिळतं, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

बॅटरीच्या दुनियेत ही बातमी वाईट होती. निकेलची बॅटरी चार्ज करताना ऑक्सिजन निघाला तर वीज साठण्याऐवजी बुडबुड्यांत जाते, म्हणून तिथे लोखंड म्हणजे विष. पाण्याच्या विघटनात तेच औषध. पण विषाची नोंद बॅटरीच्या कपाटात राहिली. औषध शोधणारे पुढची पंचवीसेक वर्षं त्या कपाटाकडे क्वचितच फिरकले.

लाट आली

२००८ मध्ये एमआयटीत मॅथ्यू कॅनन आणि डॅनियल नोसेरा यांनी कोबाल्ट आणि फॉस्फेटच्या साध्या द्रावणातून आपोआप जमणारा ऑक्सिजन-उत्प्रेरक दाखवला. मुबलक मिळणाऱ्या धातूंकडे जगभरच्या प्रयोगशाळा वळल्या. निकेल, कोबाल्ट, मँगनीज, त्यांची मिश्रणं, त्यांचे फोम, त्यांच्या नॅनो-पाकळ्या. प्रत्येक गटाचा स्वतःचा विक्रम आणि स्वतःची मोजपट्टी. कुठल्या प्रवाहाला किती जादा व्होल्टेज लागतं याची तुलना करायला चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर हा आकडा रूढ झाला. तो सूर्यप्रकाशावर साधारण १० टक्के कार्यक्षमतेने चालणाऱ्या उपकरणावरून घेतलेला आहे. कारखान्यातला प्रवाह याच्या वीस-चाळीस पट असतो हे अनेकदा विसरलं जातं, पण ते असो.

ओरेगन विद्यापीठात, युजीन शहरात, शॅनन बोएचर यांचा गट याच लाटेत होता. २०१२ मध्ये लीना ट्रोटोशॉ आणि सहकाऱ्यांनी दोन-तीन नॅनोमीटर जाडीचे वेगवेगळ्या धातूंच्या ऑक्साइडचे थर एकाच पद्धतीने बनवून एकाच पद्धतीने मोजले. सगळ्यांत सरस ठरला नऊ भाग निकेल आणि एक भाग लोखंड असलेला थर. १० मिलिअँपिअरला त्याचं जादा व्होल्टेज ०.३३६ होतं. इथे लोखंड मुद्दाम घातलेलं होतं. पण मग निव्वळ निकेलच्या थराला भिजवल्यावर तोच गुण कुठून येतो?

बाटलीवरचं लेबल

या टप्प्यावर मला उपकरणापेक्षा बाटली महत्त्वाची वाटते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या गोळ्या कुठल्याही रसायनशाळेत सापडतात. आपल्याकडे पावसाळ्यात झाकण जरा सैल राहिलं की त्यांना पाझर फुटतो. लेबलवर अशुद्धींची यादी असते, आणि त्यात सामान्य विश्लेषण-दर्जासाठी लोखंड ‘०.००१ टक्क्यांपर्यंत’ असं छापलेलं असतं. ९९.९९९ टक्के लोखंडमुक्त! यापेक्षा चोख काय हवं, असं वाटणं स्वाभाविक आहे.

आता थराच्या बाजूने बघू. चौरस सेंटिमीटरवर समजा १० मायक्रोग्रॅम निकेल हायड्रॉक्साइड आहे. त्यातल्या धातूच्या अणूंपैकी १४ टक्के लोखंड व्हायला हवं असेल तर किती लोखंड लागेल? साधारण एक मायक्रोग्रॅम. आणि भांड्यात किती असू शकतं? एक मोलर द्रावणाच्या लिटरमध्ये ५६ ग्रॅम क्षार. लेबलवरच्या कमाल मर्यादेने त्यात अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त लोखंड. पन्नास मिलिलिटरच्या छोट्या भांड्यात म्हणजे २८ मायक्रोग्रॅम. गरजेच्या अठ्ठावीस पट! बाटली लेबलपेक्षा दहापट शुद्ध असली तरी भागून उरतं. शिवाय काच. क्षार काचेला हळूहळू खातो आणि काचेतलंही लोखंड द्रावणात उतरतं. शिवाय स्टीलचा चिमटा आणि निकेलच्या मिठातली अशुद्धी.

उत्प्रेरक जितका विरळ तितकी त्याची ‘प्रति अणू’ कामगिरी डोळ्यांत भरते, म्हणून सगळे विरळ थर बनवतात. आणि थर जितका विरळ तितकं तो बाटवायला कमी लोखंड पुरतं.

क्षार धुण्याची रीत

२०१४ च्या एका निबंधात ओरेगनच्या गटाने जी युक्ती केली तिच्यावर मी बेहद्द खूश आहे. द्रावणातून लोखंड काढायचं कसं? निकेल हायड्रॉक्साइडला लोखंड ओढून घेण्याची खोड आहे, हाच तर संशय होता. मग त्याच खोडीचा उपयोग करायचा: त्याच निकेल हायड्रॉक्साइडने क्षार धुवायचा.

प्लॅस्टिकच्या सेंट्रिफ्यूज नळीत (काच वर्ज्य, नळ्या आधी आम्लाने धुतलेल्या) अतिशुद्ध निकेल नायट्रेट दोनेक ग्रॅम घ्यायचं, थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि वर क्षार ओतायचा. पोपटी रंगाचा चिकट साका बसतो. तो फिरवून खाली बसवायचा, वरचं पाणी टाकून द्यायचं आणि पाणी व थोडा क्षार घालून तीनदा धुवायचा. मग ज्या क्षाराला शुद्ध करायचं तो नळीत भरायचा, दहा मिनिटं हलवायचा आणि किमान तीन तास तसाच ठेवायचा. लोखंड साक्याला चिकटतं. पुन्हा सेंट्रिफ्यूज करून वरचा क्षार स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत काढून ठेवायचा. ताक निवळून वरची निवळ काढण्यासारखंच हे. यात कुठलंही महागडं यंत्र नाही. कुठल्याही एमएस्सीच्या प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसात होणारं काम आहे.

या धुतलेल्या क्षारात निकेलचा थर मुरत ठेवला. पापुद्रे शिस्तीत बसले, क्ष-किरणांत बीटा मांडणी दिसली, जुनं पुस्तक सांगतं ते सगळं घडलं. फक्त ऑक्सिजन काही सुटेना. सुधारणा राहिली बाजूला, मुरल्यावर थर उलट आणखी मंद झाला. न धुतलेल्या क्षारातला थर मात्र नेहमीप्रमाणे सुधारला, आणि त्याच्या पृष्ठभागाच्या तपासणीत लोखंड सापडलं. बर्कलीत अॅलेक्सिस बेल यांच्या गटाने २०१५ मध्ये हेच अधिक काळ बघितलं: साध्या क्षारात पाच आठवडे ठेवलेल्या थरात लोखंड सुमारे १४ टक्क्यांवर गेलं होतं. बीटाच्या नावावर जमा झालेली कमाई पाहुण्याची होती, आणि निकेल इतकी वर्षं आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतं.

आलेखातला तो उजवीकडे सरकणारा उंचवटा आठवतो? तीच पाहुण्याची पावलं होती. लोखंड शिरलं की निकेलचं ऑक्सिडीकरण अवघड होतं, म्हणून उंचवटा सरकतो. हजारो आलेखांत तो छापला गेला होता.

मग एकटं लोखंडच का नको?

लोखंड निकेलपेक्षा कितीतरी स्वस्त. काम तेच करत असेल तर निकेलला हाकलून द्या, असा प्रश्न कुणीही विचारेल. पण लोखंडाचा निव्वळ ऑक्सिहायड्रॉक्साइड, म्हणजे ढोबळमानाने गंज, वीज नीट वाहू देत नाही, आणि क्षारात टिकतही नाही. त्याला राहायला घर लागतं, आणि विजेची वहिवाट असलेलं घर निकेल देतं. घरातही पाहुण्यांची मर्यादा आहे. धातूच्या अणूंत साधारण चौथा हिस्सा लोखंड मावतं, त्यापुढे ते वेगळं होऊन निरुपयोगी ढिगारा बनतं. तेव्हा मघाशी निकेलला जे बोल लावले ते थोडे मागे घेतो.

लोखंड नेमकं काय करतं यावर मात्र एकमत नाही. ओरेगनच्या मोजमापात लोखंडामुळे थराची वीजवाहकता तीसपटीहून जास्त वाढलेली दिसली, पण ऑक्सिजनमधली वाढ तेवढ्याने स्पष्ट होत नाही हेही त्यांनी दाखवलं. स्टॅनफर्डच्या फ्रीबेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चालू प्रयोगावर क्ष-किरण टाकून लोखंड-ऑक्सिजन बंध नेहमीपेक्षा आखूड झालेले पाहिले आणि खरी कामाची जागा लोखंडाचीच असं मांडलं. त्याच वर्षी मोसबाउअर तंत्राने (लोखंडाच्या अणूची अवस्था ओळखण्याची ही एक रीत) चार धन भाराचं लोखंड दिसलं, आणि तेच काम करतं की नुसतं तिथे बसलेलं असतं यावर वाद रंगला. मला स्वतःला हा वाद अजून मिटलेला वाटत नाही.

झळ कुठे लागली

सगळ्यात अडचणीचा भाग जुन्या निबंधांचा. ‘निव्वळ निकेल’ किंवा ‘निव्वळ कोबाल्ट’ असं शीर्षक असलेल्या आणि बाजारातला क्षार तसाच वापरलेल्या प्रत्येक कामावर आता प्रश्नचिन्ह होतं. एखाद्याने नॅनो-पाकळी बनवली आणि ती सपाट थरापेक्षा सरस ठरली, तर ते पाकळीच्या आकारामुळे, की पाकळीने जास्त लोखंड ओढून घेतलं म्हणून? कोबाल्टचीही २०१५ मध्ये ओरेगनच्याच गटाने झडती घेतली, आणि तिथेही लोखंड घातल्यावर कामगिरी सुमारे शंभरपट वाढली.

हायड्रोजनच्या बाजूलाही याची जुळी भावंडं आहेत. स्वस्त उत्प्रेरक तपासताना दुसरा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा ठेवला तर प्लॅटिनम थोडं विरघळतं, द्रावणातून येऊन आपल्या स्वस्त उत्प्रेरकावर बसतं आणि त्याची कामगिरी ‘सुधारते’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असं आपण म्हणतो, इथे उलटं. म्हणून आता समीक्षक ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड वापरा म्हणतात.

कारखान्याचं गणित वेगळं. तिथे २५-३० टक्के तीव्रतेचा गरम क्षार पोलादी नळ्यांतून फिरतो, लोखंड न बोलावता हजर असतं. धनाग्राला ते हवंच असतं. पण तेच लोखंड फिरत फिरत दुसऱ्या टोकाला गेलं आणि सच्छिद्र निकेलच्या ऋणाग्रावर साचलं, तर तिथली कामगिरी खालावते. द्रावण एकच, आणि एका टोकाला हवं ते दुसऱ्याला नको. प्रयोगशाळेत तीन इलेक्ट्रोडच्या भांड्यात फक्त एक बाजू मोजणाऱ्याला हे दुखणं दिसत नाही.

डब्यातले उतारू

२०२० मध्ये अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत नेनाद मार्कोविच यांच्या गटाने या प्रकरणाला आणखी एक वळण दिलं. थरात त्यांनी लोखंडाचा वेगळा समस्थानिक वापरला, ५७ वस्तुमानाचा. निसर्गात तो दोनेक टक्केच असतो, म्हणून कोणतं लोखंड थरातलं आणि कोणतं बाहेरून आलेलं हे ओळखता येतं. थर ऑक्सिजन काढत असताना त्यातलं लोखंड सतत द्रावणात उतरत होतं आणि द्रावणातलं लोखंड वर चढत होतं. दादरला लोकलच्या डब्यातून जितके उतरतात तितकेच चढतात, डबा कायम भरलेला दिसतो, पण आतले चेहरे वेगळे. द्रावण पूर्ण लोखंडमुक्त केलं तर उतरणारे उतरतात, चढायला कुणी नसतं, आणि उत्प्रेरक मंद होत जातो. द्रावणात लोखंडाची अगदी थोडी मात्रा ठेवली की तो टिकतो.

म्हणजे धुतलेला क्षार निदानासाठी बरोबर, पण कारखाना चालवायला चुकीचा. ज्या अशुद्धीने तीन दशकं निष्कर्ष फिरवले तीच आता मोजून घालावी लागते. आणि ती किती घालायची हे ठरवताना फक्त थराकडे पाहून भागत नाही. द्रावण किती, ते किती वेगाने फिरतं, ऋणाग्रावर किती लोखंड अडकून बसतं, या सगळ्याचा हिशोब लागतो. ‘निकेल ८५, लोखंड १५’ असं पाकिटावर छापून उत्प्रेरक विकणाऱ्याला यापुढे क्षाराच्या टाकीबद्दलही काहीतरी छापावं लागेल.